स्ट्रोव्होलोसहून आलेली पेटी

१

पेटी उघडू नका, असं गाडीसोबत आलेल्या माणसानं दोनदा बजावलं होतं. सायप्रस बेटावरून विमानानं मुंबईला आणि तिथून रात्रभर रस्त्यानं ती पेटी धावड्याला आली होती. कचरू बोराड्यांच्या अंगणात माणूस मावत नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा भारत तीन वर्षांपूर्वी सायप्रसला शिकायला गेला होता. कॉलेज करता करता तो मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवायचा. एका चौकात मोटारीनं उडवलं आणि जागच्या जागी गेला, असा कॉलेजचा फोन आला होता.

कचरूभाऊंनी सरणाची तयारी आधीच करून ठेवली होती. पेटी तशीच स्मशानात न्यायची, असं ते म्हणत होते. पण भारतची आई गोजरबाई पेटीला धरून बसली. तोंड बघितल्याशिवाय लेकराला जाऊ देणार न्हाई, म्हणाली. शेवटी दोघातिघांनी मिळून झाकण काढलं.

तिनं चेहरा बराच वेळ पाहिला. चेहरा सुजलेला होता, एका बाजूला टाके होते. बायकांनी हुंदके द्यायला सुरुवात केली. गोजरबाई मात्र रडेना. तिनं पायावरचं पांढरं कापड बाजूला केलं, डावा पाय हातात घेतला आणि बोटं चाचपली.

"ह्याची पाची बोटं शाबूत हायेत," ती म्हणाली. "हा माझा भारत न्हाई."

लहानपणी कडब्याच्या यंत्रात भारतची डाव्या पायाची करंगळी गेली होती, हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं. सरपंचांनी घाईघाईनं पेटीसोबतचं पाकीट फोडून पासपोर्ट काढला. नाव भारत कचरू बोराडे. जन्मतारीख त्याचीच. आईबापाची नावं बरोबर. फोटो मात्र पेटीतल्या माणसाचा होता.

पासपोर्ट हातोहात फिरला. ज्याच्या हातात जाई तो एकदा पेटीत बघे आणि पुढच्याकडे देई.

कचरूभाऊ एकटेच बोलले. तीन वर्षांत माणसाचं तोंड बदलतं, आईचं डोकं ठिकाणावर नाही, उचला आणि चला. पण बोटाचं काय, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा ते दुसरीकडे बघायला लागले.

पोलीस पाटलांनी फोन केला. दुपारपर्यंत पेटी परत गाडीत चढली आणि जालन्याच्या शवागारात गेली. गोजरबाई अंगणात तशीच बसून राहिली. मुलगा गेला म्हणून रडावं, की पेटीत तो नाही म्हणून देवाला हात जोडावेत, हे तिला कळत नव्हतं.

२

नवीन जालन्यात, स्टेशनकडून येताना बियाणांच्या एका कंपनीच्या वरच्या मजल्यावर रजनी सातोनकरांचं ऑफिस आहे. लग्नाआधी मुलाची किंवा मुलीची माहिती काढून देणं हा त्यांचा धंदा. पन्नाशीच्या बाई, आवाज बारीक, आणि समोरच्याला बोलू देण्याची सवय. गोजरबाईच्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या चौकशीसाठी त्या एकदा धावड्याला गेल्या होत्या. त्या ओळखीवर गोजरबाई दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं आली.

"पोलीस म्हणतेत, पासपोर्ट अन् माणूस जुळतंय, मंग वाद कशाचा. तुम्ही लोकांची माहिती काढता न्हाई का बाई? माझ्या पोराची काढा."

येताना तिनं नवऱ्याचा मोबाइल उचलून आणला होता. भारतनं पाठवलेले सगळे फोटो त्यात होते. रजनीबाई एकेक बघत गेल्या. निकोसिया ही तिथली राजधानी आणि स्ट्रोव्होलोस हे तिला लागून असलेलं गाव, नावाला वेगळं पण घराला घर लागलेलं. तीन-चार मजल्यांच्या इमारती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. फुटपाथवर संत्र्यांनी लगडलेली झाडं. कोरड्या नदीच्या काठानं फिरायला केलेली वाट. उभ्या मोटारीच्या टपावर झोपलेली मांजरं. गोजरबाईला यातलं सगळं पाठ होतं. चर्चच्या घंटा कधी वाजतात, घरमालकीण म्हातारी कशी आहे, सगळं ती सांगत होती. त्या दिवसापर्यंत जाफराबादच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती, पण स्ट्रोव्होलोसच्या गल्ल्या तिला ठाऊक होत्या.

रजनीबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. मोटारसायकलवरच्या प्रत्येक फोटोत डोक्यावर हेल्मेट होतं आणि काच खाली ओढलेली.

"व्हिडिओ कॉल करायचा का तो?"

नाही, म्हणाली. तिकडे नेट चालत नाही म्हणायचा. नुसतं बोलायचा. पण आवाज भारतचाच, त्यात शंका नाही. आईला लेकराचा आवाज कळत नाही का.

मग रजनीबाईंनी तिला नुसतं बोलतं ठेवलं. भारत काय काय सांगायचा, हे विचारत राहिल्या. रस्त्यावरची संत्री कोणीही तोडून खावीत, आपल्या मोसंबीसारखी गोड आहेत, असं तो म्हणाला होता. गेल्या पोळ्याला फोन आला तेव्हा म्हणाला, सकाळपासून पाऊस लागून राह्यलाय, कपडे वाळंनात. घरापासून सोडायला कोण गेलं होतं, तर कचरूभाऊ जालना स्टेशनपर्यंत गेले होते. मुंबईच्या गाडीत त्यांनीच बसवून दिलं. पुढे विमानतळावर घरचं कोणी नव्हतं.

"आणि कचरूभाऊ कसे आहेत?"

"बातमी आली तव्हापून भाकरीला शिवले न्हाईत. पाण्यावर होते. पेटी यायच्या आदल्या रातीला मात्र दोन भाकरी खाल्ल्या अन् झोपले. मला लई राग आल्ता."

रजनीबाईंनी मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, की तीच गोष्ट परत एकदा सांगा.

३

भारतचे कागद ज्यानं केले होते तो एजंट बद्रीनाथ, जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या तोंडाशी बसायचा. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर थंड झालेला चहा. रजनीबाईंना बघून तो उठून उभा राहिला आणि प्रश्न विचारायच्या आधीच आपला काही संबंध नाही म्हणाला.

त्याचं म्हणणं असं होतं, की तो कागद बघतो, माणूस नाही. बारावीची मार्कशीट बराबर होती, आईबापाची नावं बराबर होती. पासपोर्ट पोरानं स्वतः काढून आणला. त्यात फोटो कोणाचा, हे बघणं त्याचं काम नव्हतं. एवढं बोलताना त्यानं चहाचा पेला तीनदा उचलून परत ठेवला. पासपोर्ट यानंच काढून दिला असणार, हे रजनीबाईंना तिथेच कळलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"भारत एकटा यायचा का इथं?"

बद्रीनाथला हा प्रश्न सोपा वाटला. एकटा कधीच नाही, म्हणाला. सोबत एक दोस्त असायचा. दोघं नेहमी बरोबर. खरं तर तो दोस्तच सगळं बोलायचा. सायप्रसला थंडी किती, काम मिळतं का, समुद्र किती लांब, हजार सवाल. भारत खुर्चीत मुकाट बसून राहायचा. जणू दुसऱ्याच कोणासाठी आलाय.

"दोस्ताचं नाव?"

विसरलो, म्हणाला. सरपंचांकडून मागवून घेतलेला पासपोर्टचा फोटो रजनीबाईंनी मोबाइलवर त्याच्यासमोर धरला. बद्रीनाथनं बघितलं नाही. तो नकाशाकडे बघत होता.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "ते दोघं आपल्या मर्जीनं आले होते. मी कोणाला जबरदस्ती केली नाही."

जिना उतरताना रजनीबाईंच्या डोक्यात गुंता जास्तच झाला होता. गेला तो दोस्त, हे आता उघड होतं. पण मग तीन वर्षं आईशी स्ट्रोव्होलोसहून भारतच्या आवाजात बोलत कोण होतं?

४

स्ट्रोव्होलोसच्या त्या घरात चार पोरं राहत. त्यातला अद्वैत नांदेडचा होता. पेटी पाठवायची धावपळ त्यानंच केली होती आणि पेटीच्या कागदांवर त्याचाच नंबर होता. संध्याकाळी तो फोनवर भेटला. आवाज थकलेला होता. सुरुवातीला तो दबकत बोलला, मग मोकळा झाला.

भारतएवढा हसरा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता, असं तो म्हणाला. घरमालकीण म्हातारीचं सामान वर आणून द्यायचा, तिच्याकडून ग्रीक शब्द शिकायचा. तिकडे हिंदूंना दहनाची सोय नाही, म्हणून सगळ्या पोरांनी मिळून त्याला घरी पाठवायचं ठरवलं.

रजनीबाईंनी संत्र्यांबद्दल विचारलं. अद्वैतला आधी प्रश्न कळला नाही, मग तो थोडा हसला.

"ती कडू असतात मॅडम. कोणी खात नाही. म्हातारी साखरेत मुरवून त्यांचा मुरंबा करते. भारतनं आल्याच दिवशी एक तोडून खाल्लं होतं, तोंड असं झालं, की आम्ही आठवडाभर चिडवलं त्याला."

"आणि ऑगस्टमध्ये पाऊस?"

ऑगस्टमध्ये तिथे थेंब पडत नाही, म्हणाला. आख्खा उन्हाळा कोरडा जातो, नदीसुद्धा आटते.

ज्यानं आल्याच दिवशी ते फळ थुंकून टाकलं तो माणूस आईला, संत्री मोसंबीसारखी गोड आहेत, असं कशाला सांगेल? तसं फक्त फोटो बघणारा माणूस सांगेल. तोही मोसंबीच्या मुलखातला, इथला. आणि पोळ्याच्या दिवशी कपडे वाळत नाहीत म्हणणारा माणूस ज्या आभाळाखाली उभा होता, तिथे खरंच पाऊस पडत होता.

शेवटी त्यांनी विचारलं, तो घरी कोणाशी बोलायचा.

"दर रविवारी बेबीताईशी. बहीण त्याची. जुन्या जालन्यात बांगड्यांच्या दुकानामागे ब्लाउज शिवते म्हणायचा. तिचा नंबर मला सापडला नाही, त्याचा मोबाइल अपघातात फुटला. तिला कळवलं ना कोणी?"

भारत एकुलता एक होता.

५

बेबीनंदा शिलाई मशिनवर बसली होती. पस्तिशीची असेल. दारात सावली पडल्यावर तिनं मान वर न करता, आज माप घेत नाही, परवा या, असं सांगितलं. रजनीबाईंनी खोलीत नजर फिरवली. मशिनच्या वर भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, हसरा, नवा शर्ट घातलेला. पासपोर्टवरचाच चेहरा. हार नव्हता.

त्यांना बसावंसं वाटलं. कपड्यांचा ढीग बाजूला करून बेबीनंदानं स्टूल दिलं.

भावाबद्दल विचारल्यावर ती खुलली. प्रेम नाव त्याचं. आईबाप लवकर गेले, हिनंच वाढवला. बारावीला दोनदा बसला, दोनदा नापास झाला, पण परदेशाचं वेड काही जाईना. आता सायप्रसला आहे, चांगलं चाललंय.

"फोन येतो?"

दर रविवारी यायचा. मध्यंतरी बंद पडला. तिला काळजी लागली होती, पण मागच्या आठवड्यात निरोप मिळाला, मोबाइल बिघडलाय, नवीन घेतला की करील.

"निरोप कोणी दिला?"

"भारतनं."

"कोण भारत?"

"धावड्याचा. प्रेमचा दोस्त. इथंच तर असतो, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात." ती किंचित ओशाळली. "म्हणजे कारखान्यात त्याला प्रेमच म्हणतेत. त्यांचं दोघांचं काहीतरी ठरलंय, मी जास्त विचारत न्हाई. येऊन जातो अधूनमधून. मागच्या आठवड्यात मात्र दारातूनच बोलला. आत ये, चहा घे म्हणलं, तर थांबला न्हाई."

तिनं मशीन परत सुरू केलं. रजनीबाईंनी पाणी मागून घेतलं. तिला तिथेच सगळं सांगून टाकावं, असं त्यांना एकदा वाटलं. पण ते सांगायचं काम ज्याचं होतं तो अजून लपलेला होता.

६

दुसऱ्या दिवशी रजनीबाईंनी कचरूभाऊ आणि गोजरबाईला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. कचरूभाऊ टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकाशी बसले होते.

"गोजरबाई, तुमचा भारत जिवंत आहे," रजनीबाई म्हणाल्या. "तो सायप्रसला कधी गेलाच नाही."

त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. प्रेमला जायचं होतं, पण तिकडच्या कॉलेजला बारावी पास लागते. भारतकडे बारावी होती. मग भारतची मार्कशीट, भारतचं नाव आणि प्रेमचा फोटो, असा पासपोर्ट तयार झाला. कचरूभाऊंनी स्टेशनवर भारतला गाडीत बसवून दिलं खरं, पण मुंबईहून विमानात चढला तो प्रेम. भारत परत आला आणि प्रेमच्या नावानं जालन्यातच नोकरीला लागला. प्रेम तिकडून फोटो पाठवायचा, भारत ते आईला पाठवायचा. तिकडच्या सिमच्या नंबरावरचं व्हॉट्सअॅप भारतनं इथे आपल्या मोबाइलवर चालू करून घेतलं असणार, म्हणून फोन परदेशातून आल्यासारखा दिसायचा. फोटोत दिसत होतं तेवढं भारत बरोबर सांगायचा. चव आणि पाऊस फोटोत येत नाहीत, तिथे तो चुकला.

गोजरबाई ऐकत होती. तिला एकदम काही उमगत नव्हतं. तिनं विचारलं, की मंग रोज तो मला हितूनच फोन करायचा का. रजनीबाईंनी मान हलवली.

"आणि कचरूभाऊंना हे माहीत होतं."

कचरूभाऊंनी मान वर केली नाही.

"बातमी आली तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा यांनी अन्न सोडलं, ते खरं दुःख होतं. पण पेटी यायच्या आदल्या दिवशी ते जेवले आणि झोपले. ज्याचा मुलगा उद्या पेटीतून येणार तो बाप त्या रात्री दोन भाकरी खात नाही. त्या दिवशी भारतचा फोन आला होता, नाही का?"

खाली रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते.

"आला व्हता," कचरूभाऊ म्हणाले. "आबा, मी जित्ता हाये म्हणला. पण पोलिसाला कळलं तर जेलात जाईन म्हणला. मंग मी काय करायचं व्हतं? म्हणलं, पेटी जळून गेली की झालं. त्यानं कुठं तरी नाव बदलून ऱ्हावं, पण ऱ्हावं."

"अन् मला?" गोजरबाईनं विचारलं.

तुझ्या पोटात राहिलं नसतं, असं ते पुटपुटले. दोन-चार महिन्यांनी सांगणार होतो, म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग रजनीबाईंकडे वळली.

"तो पेटीतला. त्याला कोन हाये का?"

"बहीण आहे. तिला अजून माहीत नाही."

गोजरबाई उठून उभी राहिली.

७

कारखान्याच्या फाटकावर रजनीबाईंनी प्रेमला बोलवा म्हणून निरोप पाठवला आणि भारत बाहेर आला. अंगावर लोखंडाची धूळ, पायात बूट. आईला बघून त्याचे पाय जागीच थांबले. गोजरबाई पुढे गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही खांदे चाचपले. मग हात खाली घेतला.

त्यानं रिक्षात बसल्यावर आपणहून सांगायला सुरुवात केली. आबांनी गावभर पेढे वाटले होते. परदेशाचं नाव काढलं की त्याची छाती दडपायची, रात्र रात्र झोप यायची नाही, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही. प्रेमला जायचं होतं, याला राहायचं होतं. दोघांचंही भागेल, असं वाटलं. प्रेम गेला हे त्याला अद्वैतच्या फेसबुकवरून कळलं. तिथे भारतच्याच नावाखाली प्रेमचा फोटो होता आणि लोक श्रद्धांजली लिहीत होते. बेबीताईला सांगायलाच तो गेला होता. दारात उभा राहिला आणि मोबाइल बिघडलाय, एवढंच तोंडातून निघालं.

"आज तूच सांगायचं," रजनीबाई म्हणाल्या. "नंतर पोलीस ठाण्यात. वकील मी बघते. पण आधी इथं."

जुन्या जालन्यातल्या त्या खोलीत भारत मशिनसमोर उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. बेबीनंदानं आधी मानलंच नाही. त्याचा मोबाइल बिघडलाय, तूच म्हणलास की, असं ती त्याला समजावल्यासारखं म्हणत राहिली. गोजरबाईनं तिचे हात धरले. "मी बघितलंय त्याला बाई," ती म्हणाली. "माझ्या अंगणात आल्ता. मीच त्याला वळखला न्हाई." तेव्हा कुठे बेबीनंदा खाली बसली.

पुढचं सगळं रजनीबाईंनी निस्तरलं. भारतनं लेखी जबाब दिला, बद्रीनाथला चौकशीला बोलावणं आलं, आणि प्रेमचा देह बहिणीच्या ताब्यात मिळाला. जुन्या जालन्याच्या स्मशानात बेबीनंदानं स्वतः अग्नी दिला. भारतला पोलिसांनी तेवढ्यापुरतं आणलं होतं. तो मागे उभा होता. अद्वैतनं स्ट्रोव्होलोसहून फोन केला, की म्हातारीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, तिला त्याचं खरं नाव सांगू का. सांग, म्हणाली बेबीनंदा.

कचरूभाऊ धावड्याहून गाडी करून आले होते. सगळं आटोपल्यावर ते गोजरबाईजवळ गेले. घराला कुलूप आहे, जनावरं शेजाऱ्यांवर टाकली आहेत, वकिलाकडे उद्या जायचंय, असं एकेक सांगत राहिले. शेवटी, चल, म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," गोजरबाई म्हणाली. "हिचं कोनी न्हाई. दहावा होईस्तोर मी हितंच हाये."

आणि बेबीनंदाचा हात धरून ती तिच्या गल्लीकडे चालू लागली.